सोलिंगेनचा ५/८ वस्तरा: दोन वर्षं वापरून झाल्यावर

मी वस्तऱ्याने दाढी करतो हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पण कशाला?" आधी वस्तूचा रिव्ह्यू लिहावा आणि शेवटी या कशालाचं उत्तर द्यावं असं ठरवून बसलो होतो, पण ते दोन वेगळं करता येत नाहीये, त्यामुळे जसं सुचेल तसं लिहितोय, लांब होणारे, वेळ असेल तेव्हा वाचा.

वस्तू काय आहे ते सांगतो. कार्बन स्टीलचं पातं, माप ५/८, म्हणजे एका इंचाचे आठ भाग केले तर त्यातले पाच, साधारण १६ मिलिमीटर रुंदी. टोक गोल. मूठ काळ्या प्लास्टिकची, साधीच. पात्याच्या दोन्ही बाजू आतून खोलगट घासलेल्या, याला फुल हॉलो म्हणतात, पाठ जाड आणि धारेकडे येता येता पातं इतकं पातळ होतं की नखावर अलगद टेकवलं तर धार किंचित वाकलेली डोळ्यांना दिसते. आणि खुंटांवरून फिरताना ते वाजतं, खरंच वाजतं, बारीक खरखर ऐकू येते, आणि एकदा कान तयार झाला की कुठे केस राहिलेत ते आवाजावरून कळतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी जी तक्रार आहे ती माझ्या हातात पडलेल्या एका नगाची आहे आणि जे चांगलं आहे ते जर्मनीतल्या सोलिंगेन गावच्या कुठल्याही बऱ्या ५/८ ला लागू आहे.

घेतला कुठे, तर सोलिंगेनलाच. कामानिमित्त मी सव्वा वर्ष डुसेलडॉर्फला होतो, तिथून एस-वन लोकल पकडली की सोलिंगेन जवळच. त्या गावाने अधिकृत नावातच क्लिंगेनश्टाट लावून घेतलंय, म्हणजे पात्यांचं शहर. १९३८ च्या कायद्यापासून तिथे असा नियम आहे की पात्यावर सोलिंगेन हे नाव कोरायचं तर त्याच्या घडणीची मुख्य कामं त्या हद्दीतच व्हायला हवीत, आपल्याकडे पैठणी किंवा कोल्हापुरी चपलेच्या नावाला आता संरक्षण आहे तसंच काहीसं, फक्त यांनी ते फार आधी केलं. ग्रेफ्राथ नावाच्या भागात जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं म्युझियम आहे, तलवारी, सुऱ्या, काटे-चमचे, वस्तरे, सगळं. मी एका शनिवारी सहज म्हणून गेलो आणि संध्याकाळी वस्तरा घेऊनच परत आलो. वस्तरा साधारण दीडशे युरो, धार परजायचा चामड्याचा पट्टा पंचेचाळीस, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले सतरा-अठरा हजार रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता तक्रार. डब्यावर लिहिलेलं की वापरायला तयार आहे. तो नव्हता. पहिल्या दाढीला गालावर असा ओढला की डोळ्यात पाणी आलं आणि मला वाटलं माझाच हात वाईट. दोन आठवडे मी स्वतःलाच दोष देत बसलो. मग दुसऱ्या एका छोट्या दुकानात एका म्हाताऱ्या कारागिराला दाखवला, त्याने भिंगातून बघितलं, काही बोलला नाही, दगडावर पाणी मारलं आणि पंधरा मिनिटं शांतपणे पातं फिरवत बसला. त्या संध्याकाळी केलेली दाढी आणि आधीची दाढी यांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून पहिली गोष्ट, वस्तरा कुठलाही घ्या पण विकणाऱ्याला सरळ विचारा की हा दगडावर हाताने लावून देताय का. कारखान्यातून जशी येते ती धार बऱ्याचदा दाढीची नसते, आणि नवा माणूस हमखास इथेच फसतो, पहिल्याच आठवड्यात वस्तरा कपाटात जातो आणि परत निघत नाही.

दुसरी गोष्ट, बऱ्याच जणांना वाटतं की सलूनमध्ये आपल्या गळ्यावर फिरतो तोच हा वस्तरा. तो नाही. सलूनमध्ये असतो तो ब्लेड घालायचा वस्तरा, कागदासकट ब्लेड मधोमध मोडून अर्धं आत सरकवतात, गिऱ्हाईक झालं की ते फेकायचं. आपल्या लहानपणी हा बदल झाला, एड्स आणि कावीळ रक्तातून पसरते हे लोकांना कळलं तेव्हा, आणि तो अत्यंत योग्य बदल आहे, कारण चामड्याचा पट्टा निर्जंतुक करता येत नाही, एकाच्या गालावरचा वस्तरा पट्ट्यावर फिरवून दुसऱ्याच्या गालावर लावणं धोक्याचंच. त्यामुळे तुमच्या सलूनवाल्याकडे जुना वस्तरा नाही म्हणून हळहळू नका. हा घरचा, एका माणसाचा वस्तरा आहे, कुणाला द्यायचा नाही, भावालासुद्धा नाही. पण ज्यांनी ब्लेडवाला वस्तरा घरी आणून गाल कापून घेतलाय आणि आता खरा नकोच म्हणताहेत त्यांना सांगतो की खरा त्याच्यापेक्षा पुष्कळ सांभाळून घेणारा असतो. ब्लेडवाला हलका, त्याची धार कडक, हात जरा चुकला की लगेच रक्त. खऱ्याला वजन आहे, तो स्वतःच्या वजनाने उतरतो, तुम्ही फक्त दिशा द्यायची.

शिकायला किती दिवस लागले? पहिला आठवडा मी फक्त उजवा गाल केला, बाकी सगळं नेहमीच्या रेझरने. मग डावा गाल, डाव्या हाताने, आणि हे ऐकून लोक घाबरतात पण डावा हात उलट लवकर शिकतो कारण त्याला आधीची काही सवय नसते. हनुवटीला महिना गेला. कंठाचा उंचवटा अजूनही मला पूर्ण जमत नाही, तिथे कातडी बाजूला ओढून मग वस्तरा चालवतो. पाठ गालापासून फार तर तिच्या जाडीच्या दुप्पट उचललेली हवी, त्याहून जास्त नाही, आणि मोकळ्या हाताने कातडी ताणून धरायची, निम्मी दाढी त्या ताणणाऱ्या हातावर आहे. आणि एक चूक कधीच करायची नाही, वस्तरा गालावर टेकलेला असताना आडवा सरकवायचा नाही. विळीवर बोट कसं कापतं? दाबून नाही, सरकून. तसंच. माझ्या उजव्या कल्ल्याखाली एक बारीक वण आहे, सहाव्या की सातव्या दिवसाचा, फोन वाजला आणि मी मान वळवली तेवढंच. तेव्हापासून फोन बाहेरच्या खोलीत.

बाकी तयारी म्हणाल तर काही महागडं लागत नाही. गरम पाणी, आणि गाल दोन-तीन मिनिटं खरंच ओले राहू द्यायचे, भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. गोदरेजचा गोल साबण आणि बरा ब्रश. शेवटी तुरटी, ओल्या गालावर फिरवायची, जिथे झोंबेल तिथे तुमचा हात चुकलाय, इतका खरा मास्तर दुसरा नाही.

आता तो कशाला. लोक तीन कारणं सांगतात आणि मीही घेताना हीच तीन स्वतःला सांगितली होती.

पहिलं, पैसे वाचतात. नाही वाचत. हिशोब करा. साधं दुधारी ब्लेड आपल्याकडे पाच रुपयाला मिळतं, पाच दाढ्या होतात, म्हणजे दाढीला एक रुपया. आठवड्याला चार दाढ्या धरल्या तर वर्षाला दोनशेच्या आसपास. माझे सतरा-अठरा हजार वसूल व्हायला ऐंशी वर्षं लागतील, त्यात दगड धरलेच नाहीत. चार-पाच पात्यांची महागडी कार्ट्रिज वापरत असाल तर थोडा वेगळा हिशोब निघेल, पण मग दुधारी ब्लेड घालायच्या साध्या सेफ्टी रेझरवर जा, तो सगळ्यात स्वस्त. नुसते पैसे वाचवायला वस्तरा घेऊ नका.

दुसरं, दाढी जास्त तुळतुळीत होते. अर्धं खरं. चांगल्या हातात होते. माझी पहिले चार महिने कार्ट्रिजपेक्षा वाईट व्हायची. आज केसाच्या दिशेने एक हात आणि मग आडवा एक हात मारला की संध्याकाळपर्यंत छान राहते, उलट्या दिशेने मी फक्त गालावर करतो, मानेवर नाही.

तिसरं, कातडीला बरं पडतं. हे माझ्या बाबतीत पूर्ण खरं निघालं आणि नुसतं या एका कारणासाठीही मी घेतला असता. माझी दाढी राठ आणि कुरळी, मानेवर कायम लाल पुटकुळ्या, काही केस आतल्या आत वळून कातडीतच वाढायचे. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस जरा वर ओढतं आणि मागचं त्याला कातडीच्याही खाली कापतं, मग तो कुरळा केस बाहेर येताना वाट चुकतो. एकच पातं असलं की तो प्रकार खूप कमी होतो. सहा-सात महिन्यांत मान साफ झाली. हेच एका पात्याच्या सेफ्टी रेझरनेही होऊ शकतं हेसुद्धा प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग मी सेफ्टी रेझरवर का गेलो नाही? इथेच खरं उत्तर आहे.

जिलेटने सेफ्टी रेझर विकायला काढला १९०३ मध्ये, त्या पहिल्या वर्षी विकले गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. एवढेच. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना लाखोंनी रेझर वाटले, ते सवयीसकट घरी आले, आणि एकदोन पिढ्यांत वस्तरा फक्त न्हाव्याच्या हातात उरला. जिलेटची कल्पना साधी होती आणि फार हुशारीची होती, धार गेली की फेका. तोपर्यंत धार ही सांभाळायची गोष्ट होती. त्याच्यानंतर ती विकत घ्यायची गोष्ट झाली. मला वस्तऱ्यात जे आवडतं ते हेच आहे की धार पुन्हा माझ्याकडे येते. ती चांगली आहे की वाईट याला मी जबाबदार. काल पट्ट्यावर आळस केला तर आज गाल सांगतो.

एक गोष्ट वाचून मला फार आनंद झाला होता. स्टील केसापेक्षा पन्नासेक पट कठीण, तरी केस कापून पातं बोथट कसं होतं? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष केस कापत बघितलं आणि त्यांना दिसलं की धार नुसती हळूहळू गोल होत नाही, केस वाकून विशिष्ट कोनात आला आणि धारेवर त्या जागी स्टीलची घडण सारखी नसली तर तिचा बारीकसा कपचा उडतो. त्यांनी तपासलेली पाती फेकायच्या रेझरची होती, पण वाचल्यापासून मी वस्तरा पट्ट्यावर घेतो तेव्हा मला ती कपच्यांची अदृश्य रांग डोळ्यासमोर येते आणि हात आपोआप हलका होतो.

पट्ट्याबद्दल सविस्तर सांगतो कारण हीच रोजची पूजा आहे. पट्टा एका बाजूला कडीला अडकवायचा, दुसरी बाजू हातात ताणून धरायची, ढिला राहिला की धार गोल होते. वस्तरा सपाट टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला लागलेल्या, आणि पाठ पुढे, धार मागे अशी ओढ घ्यायची. टोकाला पोचलं की उलटायचा, पण उलटताना पाठ चामड्यावरून उठता कामा नये, तिच्यावरच लोळवायचा. परत. मी आधी पट्ट्याच्या कापडाच्या बाजूवर दहा-पंधरा वेळा आणि मग चामड्यावर पन्नास वेळा करतो. दाब अजिबात नाही. पहिल्या महिन्यात पट्ट्याला तीन चिरा पाडल्या, म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, तो शिकण्यात जाणारच.

पुण्यात परत आल्यावर एका रविवारी सकाळी मी बाल्कनीच्या कडीला पट्टा लावून हे करत होतो आणि अण्णा मागे चहा पीत उभे होते. माझे वडील चाळीस वर्षं सरकारी नोकरीत होते, घरात गावाकडची बोली त्यांनी कधीच वापरली नाही, आमच्यासमोर तर नाहीच. आणि ते मागून एकदम म्हणाले, "पाठ उचलू नगंस रं."

मी थांबलोच. त्यांना कसं माहीत, हा प्रश्न मला पडायलाच नको होता. आमचं गाव सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात, आणि आजोबा गावाचे न्हावी. बलुतं होतं, वर्षाला धान्य मिळायचं, त्या बदल्यात घरोघर फिरून हजामत. धोकटीत, म्हणजे न्हाव्याच्या पिशवीत, वस्तरा, कैची, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा आणि निसणा, म्हणजे धार लावायचा दगड. अण्णा दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत आजोबांबरोबर फिरले होते, हे मला त्या रविवारी कळलं. त्यांनी सांगितलं की आजोबा पट्टा फारसा वापरायचे नाहीत, डाव्या तळहातावरच वस्तरा उलटसुलट फिरवायचे, चट् चट् असा आवाज यायचा, आणि तळहात असा टणक झालेला की त्यांनी डोक्यावर हात ठेवला तर खरखरीत लागायचा.

अण्णांनी वस्तरा सोडला तेव्हा घरात ती प्रगती होती, आणि ती प्रगती होतीच, त्यात शंका नाही. त्यामुळे "पूर्वजांचा वारसा" म्हणून कुणी वस्तरा घेताना बघितलं की मला जरा जपून बोलावंसं वाटतं. आजोबांच्या वस्तऱ्याखाली सगळं गाव बसायचं असं मी लहानपणी समजत होतो, पण सगळं गाव बसत नव्हतं. गावकुसाबाहेरच्यांची दाढी करायची नाही हा नियम होता आणि आजोबांनीही तो पाळला, अण्णांनी हे एकदाच सांगितलं आणि चहाचा कप आत ठेवायला गेले. त्याच वस्तऱ्याची दुसरी गोष्टही आहे, १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. पोट त्या वस्तऱ्यावर असलेली माणसं ती. मला दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात असं वाटतं, एकीने दुसरी पुसली जात नाही.

तर अण्णांनी माझ्या हातातून वस्तरा घेतला. अंगठ्याच्या नखावर धार टेकवून प्रकाशाकडे धरली, आणि म्हणाले की टाचेकडे, म्हणजे मुठीजवळच्या बाजूला, धार कमी आहे, टोकाकडेच तुझा जोर जातोय. बरोबर होतं. मला एक वर्ष ते कळलं नव्हतं, डाव्या जबड्याखाली का ओढतो याचं कारण मी साबणात शोधत होतो.

दगडाचं काम मी त्यानंतर मनावर घेतलं. ८००० आणि १२००० नंबरचे दोन दगड आहेत, पाण्यावर चालणारे, नंबर जितका मोठा तितका दगड बारीक, रोजच्या वस्तऱ्याला यापेक्षा जास्त लागत नाहीत, १००० चा दगड फक्त धार पार गेली असेल किंवा खाचा पडल्या असतील तर. यातली गंमत अशी की कोन तुम्हाला धरावा लागत नाही, वस्तरा सपाट ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात आणि पाठीची जाडी नि पात्याची रुंदी मिळून कोन आपोआप ठरतो. ज्याने कुणी हा आकार पहिल्यांदा शोधला त्याला माझा नमस्कार. म्हणूनच पाठ उचलायची नाही, दगडावरही नाही आणि पट्ट्यावरही नाही. दर तीन महिन्यांनी अर्धा तास दगडावर, बाकी दिवस पट्टा.

आता पावसाळा, कारण जर्मनीतल्या कुठल्याही माहितीपत्रकात हा भाग नसतो. कार्बन स्टील गंजतं. पुण्यात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मला खिळ्याजवळ, जिथे मूठ आणि पातं जोडलंय तिथे, तपकिरी ठिपके दिसले, आणि मी तर दाढी झाल्यावर रोज पुसत होतो. चूक अशी होती की पुसून लगेच मिटत होतो आणि तो सुंदर चामड्याच्या पाकिटात घालून बाथरूममधल्या कपाटात ठेवत होतो. पाकीट ओल धरतं. आता काय करतो, तर पात्यावर गरम पाणी, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे टिपायचं, खिळ्याच्या फटीत कापडाचं टोक घालून फिरवायचं, तासभर उघडा ठेवायचा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरायचा. खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं आणि चिकट थर बसतो. बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून स्टीलच्या डब्यात, बेडरूममध्ये, वरच्या फळीवर. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर मी सरळ सांगेन की स्टेनलेसचा वस्तरा बघा, दगडावर जरा हट्टी असतो पण निदान ऑगस्टमध्ये रडवणार नाही. घरात लहान मुलं असतील तर डब्याला कुलूप, यात चालढकल नको. आणि विमानात केबिन बॅगेत चालत नाही, प्रवासाला मी साधा सेफ्टी रेझर नेतो.

वेळ किती जातो? पट्टा धरून पंचवीस मिनिटं. रोज सकाळी सातची बस पकडणाऱ्याला हे जमणार नाही, मलाही आठवड्यात चारच दिवस जमतं. पण ती पंचवीस मिनिटं अशी जातात की दुसरं काही डोक्यात येऊच शकत नाही, गळ्याशी उघडी धार असताना ऑफिसची मेल आठवत नाही. पूर्वी ऐपतवाल्यांकडे सात वस्तऱ्यांचे संच असायचे, एकेका वाराचा एक, पात्याला आठवडाभर विश्रांती मिळावी म्हणून. मला ते आता चैन वाटत नाही, दोन वस्तरे असावेत असं मलाही वाटायला लागलंय.

नवा घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसेल तर पुण्यात जुना बाजार आहे, बुधवार आणि रविवार, मुंबईत चोर बाजार. तिथे जुने वस्तरे मिळतात. घेताना वरचा गंज बघून घाबरू नका, धार बघा. धारेवर काळे खोल खड्डे असतील तर सोडा, ते दगडावर संपत नाहीत, पातंच संपतं. धारेपासून आत जाणारी केसासारखी चीर दिसली तर फुकट दिला तरी घेऊ नका, ती वाढणारच. पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली हवी. मूठ तडकलेली असली तरी चालते, ती बदलता येते. सपाट जमिनीवर ठेवून पातं वाकडं नाही ना ते बघा. आणि घरी आणल्यावर नीट साफ करून, दगडावर लावूनच गालाला लावा.

माझ्या सोलिंगेनवाल्याला पाचात चार देतो. एक कापला त्या डब्यावरच्या खोट्या वाक्यासाठी. पातं उत्तम, तोल उत्तम, मूठ साधी पण पावसाळ्यात लाकडाच्या किंवा शिंगाच्या मुठीपेक्षा प्लास्टिकचीच बरी.

मागच्या महिन्यात अण्णा गावाला गेले होते, येताना धोकटी घेऊन आले. आजोबांचा वस्तरा आत आहे, शिंगाची मूठ एका बाजूने किड्याने खाल्लेली, पात्यावर इंग्लंडमधल्या शेफील्डचं नाव अर्धं झिजलेलं, आणि धार मधोमध आत गेलेली, इतकी वर्षं घासून घासून. मी १००० च्या दगडावर सुरुवात केलीय, दर रविवारी थोडं थोडं. धार सरळ यायला अजून बरंच स्टील जायचंय, आणि अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दर दहा ओढींनी तो माझ्याकडून मागून घेऊन नखावर बघतात.